जागलीचा दिवा: एका सेलवर सहा पांढरे एलईडी चालवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरची रचना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने वसलेल्या एका गावातील शेतकरी गटाने जागलीच्या, म्हणजे रात्री जागून पीक राखताना लावायच्या, दिव्यांविषयीची तक्रार आमच्याकडे आणली. त्या दिव्यांच्या तपासणीतून पुढे जी नवी रचना उभी राहिली, तिचा हा वृत्तान्त आहे. कपाशीची बोंडे भरू लागल्यापासून गहू-हरभरा घरी येईपर्यंत रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी या भागातील अनेक घरांतला एक माणूस रात्री वावरातल्या मचाणावर किंवा झोपडीत मुक्कामाला असतो. शेतीपंपांच्या वाहिनीला तीन फेजचा पुरवठा आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत असल्यामुळे ओलिताची पाळी रात्रीची आली, तर त्याच माणसाला मध्यरात्री खाली उतरून मोटार सुरू करावी लागते आणि अंधारात पाणी फिरवावे लागते. पायाखालची जमीन दिसली नाही तर पान लागण्याची, म्हणजे साप चावण्याची, भीती असते. अशा कामात दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो पहाटेपर्यंत टिकेल की नाही हे अधिक महत्त्वाचे ठरते.

गटाकडे आधीपासून जे दिवे होते, त्यांची मांडणी अशी होती: ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास क्षमतेचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल स्प्रिंगच्या होल्डरमध्ये बसवलेला, त्याच्यापुढे एमटी ३६०८ या चिपवरचे बाजारात सहज मिळणारे, व्होल्टेज चढवून देणारे तयार बूस्ट मॉड्यूल (बूस्ट कन्व्हर्टर), मॉड्यूलवरचा स्क्रू फिरवून १८ व्होल्टवर ठेवलेले आउटपुट, आणि तेथून सुमारे ५ मीटर वायरने मचाणाच्या छपराखाली टांगलेले, एकामागे एक जोडलेले अर्ध्या वॅटचे सहा पांढरे एलईडी. दिवसा सौर पॅनेलवर सेल भरायचा आणि रात्री दिवा लावायचा. कागदावर ही मांडणी निर्दोष दिसते आणि कामाच्या टेबलावर ती चालतेही. वावरात मात्र काही दिवे सेल भरलेला असूनही मध्यरात्रीच्या सुमारास मंद होऊन विझत, काहींची वायर उंदराने कुरतडली किंवा बैलाच्या शिंगात अडकून तुटली की वायर पुन्हा जोडूनही दिवा लागत नसे, आणि काहींचे एलईडी उन्हाळ्यात काळवंडत. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणे निघाली, तरी तिन्हींचे मूळ एकाच ठिकाणी होते: दिवा तयार करताना भरलेला सेल, जोडलेली वायर आणि सावलीतले तापमान एवढेच गृहीत धरलेले होते.

व्होल्टेज स्थिर, तरीही प्रवाह अस्थिर

काळवंडलेल्या एलईडींपासून सुरुवात करणे सोपे आहे. पांढरा एलईडी म्हणजे निळा प्रकाश देणारी चकती आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर. ज्या तेजस्वी निळ्या एलईडीमुळे हा पांढरा प्रकाश शक्य झाला, त्याच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशाच्या, म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि म्हणूनच पांढऱ्या एलईडीला नीट प्रकाशण्यासाठी ३ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज लागते. जुना लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास भागवतो, पांढऱ्याला ते पुरत नाही.

मात्र ३ व्होल्ट हा आकडा पक्का नसतो. एकाच पाकिटातले एलईडी २.८ पासून ३.४ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतात, आणि तापमान एका अंशाने वाढले की प्रत्येकाचे व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरते. सहा एलईडींच्या माळेत हा फरक अंशाला १२ मिलिव्होल्ट होतो. मे महिन्याच्या संध्याकाळी पत्र्याखालचा एलईडी, दिवा ज्या तापमानाला तपासला होता त्यापेक्षा ३० अंशांनी अधिक तापलेला असला, तर माळेचे व्होल्टेज ०.३६ व्होल्टने खाली येते. मॉड्यूल मात्र इमानाने १८ व्होल्ट देतच राहते. १०० मिलिअँपिअरच्या आसपास या माळेचा स्वतःचा विरोध जेमतेम १२ ओहम असल्यामुळे ०.३६ व्होल्टच्या त्या फरकाने प्रवाह ३० मिलिअँपिअरने, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. वाढलेल्या प्रवाहाने एलईडी आणखी तापतो आणि आणखी प्रवाह ओढतो. डिसेंबरात, पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा, हेच उलटे होऊन दिवा फिका पडतो. म्हणजे स्थिर १८ व्होल्टवर ठेवलेला दिवा उन्हाळ्यात स्वतःला जाळतो आणि हिवाळ्यात कमी ताकदीने जळतो. एलईडीच्या दिव्यात कन्व्हर्टरने स्थिर ठेवायची राशी प्रवाह ही आहे. व्होल्टेज किती द्यायचे हे माळ स्वतः ठरवते.

मध्यरात्री विझणारा दिवा

दुसरी तक्रार अधिक गुंतागुंतीची होती. सेल काढून मोजला तर ३.२ व्होल्ट दाखवायचा, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात सेलला दोष दिला जात नसे आणि मॉड्यूल बदलून दिले जाई. तोच दिवा चालू असताना मॉड्यूलच्या इनपुटवर मोजले, तेव्हा तेथे २.२ व्होल्टच्याही खाली व्होल्टेज आढळले. उरलेला सगळा उतार होल्डरच्या स्प्रिंगवर पडत होता. झोपडीत खताच्या पोत्यांशेजारी, पावसाळाभर ओलसर हवेत राहिलेल्या त्या स्प्रिंगा गंजल्या होत्या आणि त्यांचा विरोध १ ओहमच्या आसपास पोहोचला होता.

एक ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण आउटपुट स्थिर ठेवणारा बूस्ट कन्व्हर्टर साध्या बल्बासारखा वागत नाही. बल्बाचे व्होल्टेज कमी झाले की त्याचा प्रवाहही कमी होतो. कन्व्हर्टरला मात्र पुढे ठरलेली शक्ती द्यायचीच असते, म्हणून इनपुटचे व्होल्टेज उतरले की तो अधिक प्रवाह ओढतो, त्या वाढलेल्या प्रवाहाने गंजलेल्या स्प्रिंगवर आणखी उतार पडतो, आणि इनपुट आणखी खाली जाते. या दिव्याला कार्यक्षमता ८० टक्के धरून सुमारे २.२५ वॅट लागतात. विद्युतशास्त्राचा जुना नियम असा आहे, की ज्या उगमाचे व्होल्टेज V आणि मार्गातील विरोध R असेल, त्यातून पुढे मिळू शकणारी जास्तीत जास्त शक्ती V चा वर्ग भागिले ४R एवढीच असते. संध्याकाळी ३.३ व्होल्टच्या सेलमधून १ ओहममधून २.७२ वॅट मिळू शकतात, म्हणजे दिवा चालतो. सेल ३.२ व्होल्टवर आला की ही मर्यादा २.५६ वॅट होते आणि दिवा कसाबसा तग धरतो. ३.० व्होल्टला ती नेमकी २.२५ वॅटवर येऊन ठेपते. प्रत्यक्षात कमी इनपुटवर चिपची कार्यक्षमताही घसरत असल्याने दिवा त्याच्या बराच आधी कोसळतो. सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असते, फक्त ती बाहेर येण्याची वाट अरुंद झालेली असते. विझलेल्या दिव्याचा सेल दुसऱ्या दिवशी तपासला की तो चांगला का निघायचा, याचे उत्तर या हिशेबात आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा हिशेब हाच आहे.

नव्या दिव्याची अपेक्षा

गटातील एका ज्येष्ठ शेतकऱ्याने एका वाक्यात मागणी सांगितली: "भाऊ, उजेड कमी असला तं चालन, पण मधातच विझला तं कामाचा नाई." या वाक्यावरून दिव्याला दोन पायऱ्या द्यायचे ठरले. जेवण, मोटार सुरू करणे, पाण्याचा दंड फोडणे या कामांसाठी पूर्ण उजेड, म्हणजे माळेतून १०० मिलिअँपिअर. आणि उरलेल्या रात्रीसाठी निम्मा उजेड, म्हणजे ५० मिलिअँपिअर. सेलची क्षमता १९.२ वॅट-तास, त्यातली ८० टक्के वापरायची म्हटली तर १५.४ वॅट-तास हाती येतात. पूर्ण उजेडाचे ३ तास २.२५ वॅटने ६.७५ वॅट-तास खातात, आणि निम्म्या उजेडाचे ८ तास १.०७ वॅटने ८.५६ वॅट-तास, एकूण ११ तासांची रात्र १५.३ वॅट-तासांत बसते. एलईडी कमी प्रवाहावर थोडे अधिक कार्यक्षम असतात, त्यामुळे निम्म्या प्रवाहाला मिळणारा उजेड निम्म्याहून किंचित जास्तच असतो. वॅटला १०० ल्युमेन धरले तरी पूर्ण उजेड १८० ल्युमेन भरतो आणि मचाणाखालची जमीन स्वच्छ दिसण्यास तो पुरेसा आहे.

सेल एकच ठेवायचा की चार सेल ओळीने जोडून १२.८ व्होल्ट करायचे, यावर बराच विचार झाला. चार सेल घेतले तर कन्व्हर्टरचे काम हलके होते, कार्यक्षमता ९० टक्क्यांपलीकडे जाते. परंतु ओळीतले सेल हळूहळू असमान होतात, त्यांना समतोल राखणारे सर्किट लागते, आणि एक सेल कमजोर झाला की गावात नेमका तोच शोधून बदलणे अवघड होते. एका सेलच्या दिव्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. कार्यक्षमतेतील दहा टक्क्यांहून अधिक हानी सोसून आम्ही एकच सेल कायम ठेवला, आणि हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

सहा एलईडी एकाच माळेत ठेवण्याचे कारणही सांगितले पाहिजे, कारण तीन-तीनच्या दोन माळा केल्या असत्या तर आउटपुट ९ व्होल्टवर येऊन कन्व्हर्टरला कमी चढाव पडला असता. पण दोन समांतर माळांत प्रवाह समान वाटला जात नाही. ज्या माळेचे व्होल्टेज किंचित कमी, ती अधिक प्रवाह घेते. शिवाय या चिपचा फीडबॅक, म्हणजे आउटपुट बरोबर आहे का हे मोजून चिपला कळवणारी पिन, ०.६ व्होल्टवर काम करतो. १८ व्होल्टच्या माळेखाली ०.६ व्होल्टचा रेझिस्टर घातला तर सव्वातीन टक्के शक्ती वाया जाते, ९ व्होल्टच्या माळेखाली हीच हानी सव्वासहा टक्के होते. एक एलईडी उघडा पडला, म्हणजे आतून तुटला, तर सगळी माळ विझेल ही शंका रास्त आहे. मात्र धातूच्या पाठीच्या पट्टीवर नीट डाग दिलेला (सोल्डर केलेला) आणि मर्यादेत चालवलेला एलईडी सहसा उघडा पडत नाही. तुटते ती वायर, आणि ती दोन माळांच्या दिव्यातही तुटतेच.

कॉइल, डायोड आणि कपॅसिटर

बूस्ट कन्व्हर्टरचे तत्त्व ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला लवकर समजते. मोटार एकाएकी बंद झाली की पाइपातले धावते पाणी थांबायला तयार नसते, ते व्हॉल्व्हवर आदळून पाइपाला हिसका देते, आणि त्या क्षणी पाइपातला दाब मोटारीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त होतो. चिपमधला मॉस्फेट, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, चालू असताना सेलचा प्रवाह कॉइलमधून ग्राउंडकडे, म्हणजे सेलच्या ऋण टोकाकडे, धावतो व वाढत जातो. मॉस्फेट बंद झाला की कॉइल तो प्रवाह थांबू देत नाही, स्वतःचे व्होल्टेज उंचावते आणि डायोडमधून तो आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये ढकलते. एमटी ३६०८ मध्ये हे सेकंदाला सुमारे १२ लाख वेळा घडते.

गणित सर्वात कठीण स्थितीला, म्हणजे सेल २.८ व्होल्टवर असताना केले. माळ १८ व्होल्ट, फीडबॅक रेझिस्टर ०.६ आणि डायोडचा उतार ०.४ मिळून कॉइलला १९.० व्होल्टपर्यंत उचलायचे आहे. प्रत्येक आवर्तनात मॉस्फेट चालू राहण्याचा वाटा १ वजा २.८ भागिले १९.०, म्हणजे ०.८५ येतो. आवर्तन ०.८३ मायक्रोसेकंदांचे, त्यामुळे चालू काळ ०.७१ मायक्रोसेकंद. इनपुटचा सरासरी प्रवाह २.२५ भागिले २.८, म्हणजे ०.८० अँपिअर. १० मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली तर चालू काळात प्रवाह २.८ गुणिले ०.७१ भागिले १०, म्हणजे सुमारे ०.२० अँपिअरने वाढतो आणि त्याचे शिखर ०.९० अँपिअरवर जाते. तयार मॉड्यूलवर सहसा २२ मायक्रोहेन्रीची कॉइल असते. तिच्यात प्रवाहाची चढउतार निम्म्याहून कमी होते, पण त्याच आकारात अधिक वेढे बसवण्यासाठी बारीक तार वापरावी लागते आणि तिचा विरोध वाढतो. ०.८० अँपिअरला ०.१५ ओहमची कॉइल जवळपास ०.१ वॅट उष्णतेत घालवते, ०.०५ ओहमची फक्त ०.०३ वॅट. चढउतार २५ टक्के असली तरी एलईडीला त्याचे काही वाटत नाही. म्हणून १० मायक्रोहेन्रीची, जाड तारेची आणि किमान १.५ अँपिअरपर्यंत संपृक्त न होणारी कॉइल निवडली.

डायोड शॉट्की, म्हणजे कमी उतार पडणारा, असावा हे ठरलेलेच. पण मॉड्यूलवरचा ३ अँपिअरचा डायोड येथे गरजेपेक्षा मोठा आहे. मोठ्या चकतीची धारिता जास्त असते, ती प्रत्येक आवर्तनात १९ व्होल्टपर्यंत भरावी लागते, आणि उन्हाळ्यात तिची उलटी गळतीही वाढते. सरासरी प्रवाह ०.१ अँपिअर असताना ४० व्होल्ट, १ अँपिअरचा डायोड पुरेसा आहे.

आउटपुटला ५० व्होल्टचा ४.७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घेतला. २५ व्होल्टचा घेऊ नये, कारण सिरॅमिक कपॅसिटरवर त्याच्या मर्यादेच्या जवळचे व्होल्टेज पडले की त्याची धारिता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मुद्दाम टाळला. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते हा सर्वमान्य आडाखा आहे, आणि विदर्भात पत्र्याखालच्या पेटीत मे महिन्यात काय तापमान असते ते येथील वाचकांना सांगायला नको.

प्रवाह ठरवणारा रेझिस्टर ०.६ भागिले ०.१, म्हणजे ६ ओहमचा हवा. तेथे १२ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले आणि त्यांतल्या एकाच्या मार्गात कमी व्होल्टेजवर चालू होणारा छोटा मॉस्फेट घातला. मॉस्फेट चालू असेल तर ६ ओहम आणि १०० मिलिअँपिअर. बंद असेल तर १२ ओहम आणि ५० मिलिअँपिअर. या जोडणीचा खरा फायदा असा, की बटण खराब झाले, मॉस्फेटचा डाग सुटला किंवा त्याची वायर निघाली, तरी दिवा विझत नाही, निम्म्या उजेडावर येतो. मॉड्यूलवरचा स्क्रूचा पोटेन्शिओमीटर आणि त्याच्यासोबतचे रेझिस्टर पूर्णपणे काढून टाकले, कारण जे फिरवता येते ते कोणीतरी फिरवतेच.

तुटलेली वायर

प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या कन्व्हर्टरची वायर तुटली तर काय होते? फीडबॅक रेझिस्टरमधून प्रवाह थांबतो, फीडबॅक पिनला शून्य व्होल्ट दिसतात, आणि उजेड कमी पडतो आहे असे समजून चिप पूर्ण ताकदीने आउटपुट चढवू लागते. कपॅसिटरची प्रत्यक्ष धारिता २ मायक्रोफॅरड धरली, तर १९ पासून २८ व्होल्टपर्यंत चढण्यास ०.४२ मिलिज्यूल ऊर्जा लागते. २ वॅटने ही ऊर्जा सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पोहोचते, आणि २८ व्होल्ट ही या चिपची आउटपुट मर्यादा आहे. जुना दिवा व्होल्टेजवर ठेवलेला होता, त्यामुळे निव्वळ वायर तुटल्याने त्याची चिप जायला नको होती. पण त्यातल्या काही दिव्यांत उजेड स्थिर करण्यासाठी दुकानदाराने फीडबॅक माळेखालून घेतला होता, आणि वायर तुटल्यावर कायमचे गेले ते नेमके हेच दिवे. सुधारणा बरोबर दिशेने होती, फक्त तिला संरक्षणाची जोड नव्हती.

ही जोड स्वस्त आहे. आउटपुटपासून फीडबॅक पिनपर्यंत २४ व्होल्टचा झेनर डायोड, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेले की उलट्या दिशेनेही वाहू लागणारा डायोड, आणि फीडबॅक पिनपासून ६ ओहमच्या माथ्यापर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर. नेहमीच्या चालण्यात झेनरवर माळेचे १८ व्होल्टच पडतात, तो बंद राहतो, आणि १ किलोओहममधून जवळजवळ प्रवाह नसल्याने मोजणीत फरक पडत नाही. माळ तुटली की आउटपुट २४.६ व्होल्टपर्यंत चढते, झेनरमधून ०.६ मिलिअँपिअर वाहू लागतो, त्याने १ किलोओहमवर ०.६ व्होल्ट उभे राहतात, आणि चिप तेथेच थांबते. झेनर ५ टक्के वरखाली धरला तरी आउटपुट सर्वाधिक २५.८ व्होल्टवर जाते. २२ व्होल्टचा झेनरही चालला असता, परंतु ३.३ व्होल्टचे सहा एलईडी आणि हिवाळ्यातील वाढ धरता माळ २० व्होल्टपर्यंत जाऊ शकते, आणि २२ चा झेनर ५ टक्के कमी भरला तर तो तिच्या फारच जवळ येतो.

येथे लहान कपॅसिटरचा आणखी एक उपयोग दिसतो. सैल सांध्याची वायर वाऱ्याने हलून पुन्हा जोडली जाते, तेव्हा २४.६ व्होल्टवर भरलेला कपॅसिटर माळेत रिकामा होतो. २ मायक्रोफॅरडचा हा लोंढा मिलिसेकंदाच्याही आत संपतो आणि एलईडीला इजा करत नाही. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असता तर अर्ध्या अँपिअरचा झटका कित्येक मिलिसेकंद टिकला असता, तोही वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसोबत.

सेलची बाजू

स्प्रिंगचे होल्डर काढून टाकले. सेलच्या दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या निकेलच्या पट्ट्या असलेलेच सेल घेतले, आणि पट्टीपासून मॉड्यूलपर्यंत जाड व आखूड वायर. सेल आणि कन्व्हर्टर एकाच पेटीत, लांब वायर फक्त कन्व्हर्टर ते माळ. याचे कारण साधे आहे: ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन १० मीटरचा विरोध सुमारे ०.३५ ओहम असतो. माळेच्या ०.१ अँपिअरला त्यात केवळ ३.५ मिलिवॅट जातात. कन्व्हर्टर मचाणावर नेऊन हीच वायर सेलच्या बाजूला ठेवली, तर ०.८० अँपिअरला ०.२८ व्होल्ट आणि ०.२२ वॅट जातात, म्हणजे एकूण शक्तीचा दहावा भाग.

सेल किती रिकामा होऊ द्यायचा हे चिपवर सोडता येत नाही, कारण एमटी ३६०८ २ व्होल्टपर्यंत चालत राहते आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल २.५ व्होल्टच्या खाली नेला की त्याचे नुकसान होते. म्हणून व्होल्टेज ओळखणाऱ्या तीन पायांच्या दोन चिपा बसवल्या. पहिली ३.० व्होल्टला दुसऱ्या १२ ओहमचा मॉस्फेट बंद करून दिवा निम्म्या उजेडावर आणते, आणि हीच जागल्याला सूचना असते. दुसरी २.८ व्होल्टला कन्व्हर्टर बंद करते. भार उतरला की सेलचे व्होल्टेज पुन्हा थोडे वर येते, आणि त्यामुळे दिवा मिचमिच करत राहू नये म्हणून दुसऱ्या चिपेला दोन ट्रान्झिस्टरांचा लॅच जोडला, जो बटण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय सुटत नाही. पूर्ण उजेडाची वेळ त्यामुळे २.८ व्होल्टवर कधी येऊ नये. तरी गणित त्याच व्होल्टेजवर ठेवले, कारण पहिली चिप बिघडली तरी दिवा चालला पाहिजे. बंद दिव्यात सेलपासून कॉइल आणि डायोडमधून माळेपर्यंत सरळ वाट उघडी असते हे खरे, पण ३ व्होल्टने सहा एलईडींची माळ वाहूच शकत नाही, त्यामुळे गळतीची चिंता उरत नाही.

चार्जिंगविषयी दोनच गोष्टी. टीपी ४०५६ ची जी छोटी निळी बोर्डे सर्वत्र मिळतात ती सेलला ४.२ व्होल्टपर्यंत नेतात, तर या सेलची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. ती बोर्डे येथे वापरू नयेत. आणि बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगितलेले असते, तर येथे उन्हाळ्यात सावलीतली हवाच तेथवर जाते. म्हणून पेटी पॅनेलच्या पाठीला न लावता झोपडीच्या आत, जमिनीलगत ठेवली.

रेडिओची खरखर

हा मुद्दा आराखड्यात नव्हता, जागल्यांनी लक्षात आणून दिला. दिवा लावला की रेडिओत खरखर येते. १.२ मेगाहर्ट्झ ही चिपची वारंवारिता मध्यम लहरींच्या पट्ट्यातच पडते आणि माळेची ५ मीटर लांब वायर अँटेनाचे काम करते. आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ तिच्यापासून दूर असले तरी स्वस्त रेडिओ जवळ ठेवला की त्रास होतोच. रात्रभर एकट्याने बसलेल्या माणसाचा रेडिओ बंद पाडणारा दिवा मला पुरा झालेला वाटला नाही. मॉस्फेट, डायोड आणि आउटपुट कपॅसिटर यांच्यातली फेरी छापील बोर्डावर शक्य तितकी लहान केली, माळेच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, आणि पेटीतून बाहेर पडतानाच दोन्ही एका फेराइटच्या कड्यातून काढल्या. रेडिओ पेटीपासून हातभर दूर ठेवला की आता आकाशवाणी स्वच्छ ऐकू येते.

दिवा गटाला देण्यापूर्वी

प्रत्येक दिव्याची चाचणी सेलऐवजी बदलत्या पुरवठ्यावर घेतली जाते. प्रथम ३.३ व्होल्टवर माळेचा प्रवाह १०० आणि ५० मिलिअँपिअर भरतो का ते पाहायचे. मग पुरवठ्याच्या मार्गात ०.३ ओहमचा रेझिस्टर घालून, व्होल्टेज ओळखणारी पहिली चिप बाजूला ठेवून, कन्व्हर्टरच्या इनपुटला २.८ व्होल्ट उरतील एवढा पुरवठा उतरवायचा. प्रवाह तेव्हाही १०० मिलिअँपिअरच राहिला पाहिजे. नंतर दिवा चालू असतानाच माळेचे प्लग उपसायचे, आउटपुट २५.८ व्होल्टच्या आत आहे हे मोजायचे, आणि प्लग पुन्हा घालून दिवा लागतो का ते पाहायचे. हे काही वेळा सलग करायचे. शेवटी १२ ओहमच्या मार्गातल्या मॉस्फेटची गेट वायर, म्हणजे त्याला चालू करणारी वायर, सोडून दिवा निम्म्या उजेडावर येतो याची खात्री करायची. सेलू येथील दुरुस्ती करणाऱ्याकडे ही चाचणी एका पानावर लिहून दिली आहे, आणि नागपूरहून आणलेले जास्तीचे झेनर, १२ ओहमचे रेझिस्टर आणि निकेलच्या पट्टीचे सेलही त्याच्याकडेच ठेवले आहेत. जुन्या दिव्यांपैकी ज्यांची पेटी आणि एलईडीची पट्टी धड आहे, त्यांत हेच सर्किट बसवण्याचे काम तो तुरीच्या हंगामाआधी करत आहे.